खांद्याचं हाड मोडलंय? पाउच कधी सोडायचा, हात कधी हलवायचा

आमच्या फिजिओथेरपी केंद्रात खांद्याचा नवा पेशंट आला की पहिला प्रश्न ठरलेला: ‘प्लास्टर का नाही घातलं?’ ते डॉक्टरांकडून राहून गेलेलं नसतं. मनगटाला प्लास्टर बसतं तसं सगळीकडे फिरणाऱ्या खांद्याला बसत नाही. शिवाय दंडाच्या हाडाचं वरचं टोक आतून स्पंजासारखं असतं आणि ते सहसा चांगलं जुळतं. तुकडे फारसे सरकले नसतील तर आर्म पाउच, म्हणजे हात गळ्यात अडकवून ठेवायची कापडी झोळी, पुरतो.

दुसरा प्रश्न ऑपरेशनचा. सांधा निखळला असेल, हाडाचे बरेच तुकडे झाले असतील किंवा हाड कातडीबाहेर आलं असेल, तर निर्णय सर्जनचाच. पण सरकलेल्या प्रत्येक हाडाला प्लेट लागते असं नाही. ब्रिटनमध्ये दंडाचं वरचं टोक मोडून सरकलेल्या २५० पेशंटचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. ऑपरेशन झालेले आणि न झालेले, दोन्ही गटांचा हात दोन वर्षांनी जवळपास सारखाच चालत होता.

आता ज्यासाठी हा कागद छापला ते. चिठ्ठीवर ‘पाउच, ६ आठवडे’ लिहिलेलं असतं आणि घरी त्याचा अर्थ ‘६ आठवडे हात हलवायचाच नाही’ असा लावला जातो. शेजारीपाजारीही तेच सांगतात. मग दोन महिन्यांनी पेशंट येतो. एक्स-रेत हाड छान जुळलेलं असतं, पण वेणी घालायला हात डोक्यापर्यंत जात नाही, ब्लाउजचा हूक लागत नाही, फळीवरचा डबा निघत नाही. सांध्याभोवतीचं आवरण आखडलेलं असतं. ते मोकळं करायला मग महिनोन्‌महिने जातात आणि दुखतंही फार. हे टाळता येण्यासारखं असतं म्हणूनच वाईट वाटतं.

बोटं, मनगट आणि कोपर बहुतेकांना पहिल्या दिवसापासून हलवता येतात. डॉक्टरांना तेवढं विचारून घ्या. खांद्याची हालचाल साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, सर्जनची परवानगी मिळाली की सुरू होते. कमरेत वाका, चांगला हात टेबलावर टेका आणि दुखरा हात विहिरीत सोडलेल्या पोहऱ्यासारखा लोंबू द्या. अंग हलकेच झुलवा, हात आपोआप झुलेल. हाताने जोर लावायचा नाही, सगळी मेख इथेच आहे. हात स्वतःच्या ताकदीने वर उचलायचा दिवस नंतर येतो. तो एक्स-रे पाहून ठरतो.

दंडावरचा काळानिळा डाग कोपरापर्यंत, कधी छातीवरही उतरतो. घाबरू नका, साकळलेलं रक्त खाली ओघळतं. मात्र दंडाच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा आला, मनगट उचलता येईना किंवा बोटं गार पडली तर आमच्याकडे नको, थेट डॉक्टरांकडे जा.

आडवं झोपवत नसेल तर पाठीशी उशा रचून अर्धवट बसून झोपा. सदरा घालताना आधी दुखरा हात, काढताना तो शेवटी. तंबाखू आणि मिश्री बंद. त्यांनी हाड जुळायला उशीर होतो. साठीच्या आसपास नुसत्या घसरण्याने हाड मोडलं असेल तर डॉक्टरांना हाडांच्या ठिसूळपणाच्या तपासणीबद्दल जरूर विचारा.

आम्ही मालिश करत नाही, यावर काहीजण नाराज होतात. कच्च्या हाडावर तेल लावून ओढाताण केली तर जुळत आलेलं हाड हलू शकतं, म्हणून करत नाही. एक्स-रे पाहिल्याशिवाय व्यायामही सुरू करत नाही. रोज यायची सक्ती नाही. पहिल्याच भेटीत घरच्या एका माणसाला सगळा व्यायाम शिकवतो आणि पुढच्या भेटी हात किती वर जातो त्यावर ठरवतो.

पाउच मिळाला त्याच आठवड्यात एकदा येऊन जा, खांद्याचा व्यायाम नंतर सुरू होणार असला तरी. येताना एक्स-रेची फिल्म (मोबाईलवरचा फोटो पुरत नाही), डॉक्टरांची चिठ्ठी आणि चालू गोळ्या आणा. पुढून बटणं असलेला सैल कपडा घाला.