वॉलेटचे चोवीस शब्द येतात कुठून?

हार्डवेअर वॉलेट, म्हणजे बिटकॉइनसारख्या डिजिटल नाण्यांच्या किल्ल्या सांभाळणारं छोटं यंत्र, घ्यायला येणारे केबलबद्दल विचारतात, स्क्रीनबद्दल विचारतात, वॉरंटीबद्दल तर विचारतातच. यंत्र पहिल्यांदा चालू केल्यावर दिसणारे बारा किंवा चोवीस शब्द, म्हणजे सीड फ्रेज, ते आणतं कुठून, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. तुमची सगळी नाणी त्या शब्दांवर उभी असतात, शब्द ज्याच्याकडे नाणी त्याची, म्हणून हे पत्रक.

शब्द एका ठरलेल्या यादीतून येतात. २०१३ च्या बीआयपी-३९ या पद्धतीत २०४८ इंग्रजी शब्द आहेत, 'अबँडन'पासून 'झू'पर्यंत. एक शब्द म्हणजे ११ बिट (बिट म्हणजे शून्य किंवा एक). बारा शब्दांचे १३२ बिट होतात, त्यातले १२८ निव्वळ नशिबाने पडलेले आणि उरलेले ४ पडताळणीचे. चोवीस शब्दांत हाच हिशोब २५६ आणि ८ असा आहे. त्यामुळे मनानेच बारा शब्द लिहून दिलेत तर सोळापैकी पंधरा वेळा वॉलेट ते घेतच नाही. आणि सोळाव्या वेळी घेतलं, तर ते जास्त वाईट, कारण मनाने निवडलेले शब्द ओळखायला सोपे असतात.

एका ग्राहकाने विचारलं होतं, तुकोबांच्या अभंगातून शब्द काढले तर? पाठ आहे, विसरायची भीती नाही. यादी स्पॅनिश, फ्रेंच, जपानी वगैरे भाषांत आहे, मराठीत नाही, हे झालं साधं उत्तर. खरं उत्तर असं की जे हजारोंना पाठ आहे, ते चोराचा संगणकही आधी तपासतो. पाठांतरातल्या ओळींवर बांधलेली वॉलेट याआधी रिकामी झालेली आहेत.

यंत्राचं नशीबही खोटं असू शकतं. ऑगस्ट २०२३ मध्ये उघड झालेलं 'मिल्क सॅड' प्रकरण बघा. लिबबिटकॉइन एक्सप्लोरर या संगणकावरच्या साधनाच्या ३.x आवृत्त्या घड्याळाच्या वेळेवरून शब्द काढत होत्या, आणि त्या वेळेतले फक्त ३२ बिट वापरत होत्या. म्हणजे शक्यता सुमारे ४२९ कोटी. आकडा मोठा वाटतो, पण संगणकाला तो झेपतो. ज्यांनी चोवीस शब्द घेतले होते तेही बारावाल्यांइतकेच उघडे पडले. घड्याळ शून्यावर ठेवलं की फ्रेजची सुरुवात 'मिल्क सॅड' अशी होत असे, त्यावरून हे नाव.

चांगल्या हार्डवेअर वॉलेटमध्ये यासाठी चिपच्या आतला विद्युत गोंगाट वापरतात, आणि बहुतेकांना तेवढं पुरतं. ज्यांना चिपवर भिस्त ठेवायची नाही त्यांच्यासाठी काही मॉडेलांत फाशांची सोय असते. एका फाशातून अडीच बिटांपेक्षा थोडं जास्त मिळतं. बारा शब्दांना ५० वेळा टाका, चोवीसला ९९ वेळा.

इथे माणसं हमखास चुकतात. आमच्या टेबलावर एकजण आकडे कागदावर लिहीत होते. लागोपाठ तिसऱ्यांदा चार पडला तेव्हा, "हे काही बरोबर नाही," म्हणत त्यांनी फासा पुन्हा टाकला. अहो, ९९ वेळांत असं दोन-तीनदा व्हायलाच हवं! जे पडेल ते लिहा. पाच फासे एकदम टाकणार असाल तर डावीकडून उजवीकडे जसे पडले तसेच वाचा. लहान-मोठे लावून लिहिलेत तर ७७७६ शक्यतांच्या जेमतेम २५२ उरतात. लुडोचा घासलेला फासा नको, आणि मोबाइलमधला तर नकोच. काम झालं की आकड्यांचा कागद जाळा, कारण त्याच आकड्यांवरून तेच शब्द पुन्हा निघतात.

शब्द कागदावर किंवा धातूच्या पट्टीवर लिहा. फोटो काढू नका, तो आपोआप क्लाउडवर जातो.

खोक्यातलं कार्ड कोरंच असायला हवं. त्यावर शब्द आधीच छापलेले किंवा लिहिलेले निघाले, तर ते वॉलेट दुसऱ्या कुणाचं तरी आहे. त्यात एक पैसाही टाकू नका, खोकं तसंच दुकानात घेऊन या. फोन केलात तरी चालेल, फक्त फोनवर शब्द वाचून दाखवू नका. आम्हालासुद्धा.