खोड, उणीव आणि अडचण : रोलप्लेतल्या ‘फ्लॉ’मागचा इतिहास

पुण्यात रविवारी दुपारी रोलप्ले खेळायला, म्हणजे एकेक काल्पनिक पात्र बनून गोष्ट खेळायला, फासे घेऊन बसणाऱ्या गटात नवा खेळाडू आला, की कॅरेक्टर शीटवरच्या (पात्राची माहिती लिहायच्या कागदावरच्या) ‘फ्लॉ’च्या, म्हणजे पात्रातल्या दोषाच्या, चौकटीशी बहुतेक वेळा अडतो. ‘अंधाराची भीती’ असं लिहून मोकळा होतो, आणि पुढच्या दहा सेशनमध्ये ती भीती कुणाला दिसत नाही.

1974 साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा रोलप्ले खेळ आला तेव्हा ही चौकटच नव्हती. तीन फाशांची बेरीज कमी आली की पात्र अशक्त किंवा मठ्ठ, एवढंच.

या चौकटीचं मूळ आहे 1981 च्या ‘चॅम्पियन्स’मध्ये. खेळ सुपरहिरोंचा, पण त्यातली कल्पना पुढे फँटसीतही रुळली : पात्राला एखादं डिसअ‍ॅडव्हान्टेज (दोष) घ्या, बदल्यात पॉइंट मिळवा आणि त्यांतून शक्ती विकत घ्या. 1986 च्या ‘गर्प्स’ या खेळानेही तेच केलं. निर्णय कल्पक होता, तरी माझ्या मते चुकला. दोषाचे पैसे आधीच हातात पडले, की पुढे तो दोष झाकून ठेवण्याचा मोह होतोच.

शिवाय ‘डिसअ‍ॅडव्हान्टेज’ या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या गेल्या. एक डोळा नसणं ही उणीव. शत्रू मागावर असणं ही अडचण. अपमान झाला की रागाने भान सुटणं ही खोड. पॉइंट तिन्हींना मिळत, पण पात्र आपलंसं वाटतं ते तिसरीमुळे. मराठीत आपण सरसकट ‘दोष’ म्हणतो आणि हा फरक पुसून टाकतो. धर्मराजाला द्यूताची खोड होती. आव्हान आलं की त्याला नाही म्हणवत नसे, आणि सभापर्वातला सगळा अनर्थ तिथूनच घडतो. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, हे पात्र रचतानाही खरं आहे.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या 2014 च्या आवृत्तीत पात्राच्या प्रत्येक पार्श्वभूमीला सहा फ्लॉंचा तक्ता आला. खोड खेळून दाखवली तर डीएम (खेळ चालवणारा ‘डन्जन मास्टर’) ‘इन्स्पिरेशन’ (फासा दोनदा टाकून चांगला आकडा घ्यायची संधी) देऊ शकतो, म्हणजे मोबदला पात्र रचताना नाही, तर खेळताना. मला ही दुरुस्ती फार मोलाची वाटते. 2024 च्या नियमपुस्तकातून मात्र ते तक्ते गेले. आमच्या टेबलावर त्या जागी आता एकच ओळ लिहून घेतो : ‘नुकसान होणार हे कळत असूनही हा काय करतो?’ परवा एकीने लिहिलं, ‘उसने घेतलेले पैसे फेडायचे सोडून मित्रांना जेवू घालते.’ पहिल्याच सेशनमध्ये सावकार दारात आला.