स्वदेशी आणि संरक्षक जकात : गोखल्यांच्या नजरेतून

परदेशी मालावरील आयातकर, म्हणजेच जकात, वाढला की निपाणी-बेळगावकडच्या चर्चेत त्याला सहज ‘स्वदेशी धोरण’ म्हटले जाते. देशी माल खपावा हा हेतू दोन्हींत असल्यामुळे असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु निर्णय कोण घेतो आणि पैसे कोणाच्या खिशातून जातात, हे पाहिले की दोन्ही वाटा वेगळ्या दिसू लागतात.

स्वदेशी हा ज्याचा त्याने करायचा निश्चय आहे. डिसेंबर १९२४ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावला भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाने सभासदत्वासाठी दरमहा २००० वार सूत देण्याची अट घातली. ती जड वाटली आणि वर्षभरातच शिथिल करावी लागली. जकातीच्या बाबतीत सामान्य माणसाला अशी सुटका नसते, कारण ती कायद्याने येते आणि कोणतेही व्रत न घेतलेल्या शेतमजुरालाही वाढलेल्या किमतीतून भरावी लागते.

निपाणीला लागूनच असलेल्या कागलात शिकलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांचा खरा वारसा मला इथे दिसतो. स्वदेशीचा त्यांनी मनापासून पुरस्कार केला. मात्र मार्च १९११ मध्ये साखरेवरील आयातकराची चर्चा चालू असताना त्यांनी कायदेमंडळात संरक्षणाचे, म्हणजे जकात लावून देशी उद्योगाला परदेशी मालाच्या स्पर्धेपासून वाचवण्याचे, योग्य आणि अयोग्य असे दोन प्रकार सांगितले. वाढत्या उद्योगाला आधार देऊनही जनतेचे हित सांभाळणारे ते योग्य, आणि वजनदार गटांना जनतेच्या खर्चाने नफा मिळवून देणारे ते अयोग्य. लोकांना जबाबदार नसलेल्या सरकारच्या हातून दुसराच प्रकार पदरी पडेल, अशी त्यांना भीती होती. ते संरक्षणाचे शत्रू होते असे यावरून मानणे चूक आहे.

पुढे साखरेच्याच बाबतीत हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. १९३२ च्या कायद्याने जावाच्या साखरेपासून देशी उद्योगाला संरक्षण दिले आणि काही वर्षांतच देशातील कारखान्यांची संख्या सुमारे तीसवरून शंभराच्या पुढे गेली. आपल्याकडील उगारच्या कारखान्याची कंपनीही याच काळात, १९३९ साली, स्थापन झाली. परंतु जकातीचा लाभ प्रथम कारखानदाराच्या हाती पडतो, आणि तो उसाच्या दरातून शेतकऱ्यापर्यंत आपोआप उतरत नाही. म्हणूनच उसाचा किमान दर ठरवण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना देणारा वेगळा कायदा १९३४ साली करावा लागला. चिकोडी-अथणीच्या ऊस उत्पादकाला या दोन कायद्यांतील अंतर वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

सुताचेही तसेच आहे. आयात सुतावर जकात बसली तर सूतगिरणीला आधार मिळतो, पण तेच सूत विकत घेऊन साडी विणणाऱ्या वडगाव-शहापूरच्या विणकराचा खर्च वाढतो. त्याची साडी पूर्णपणे स्वदेशी असूनही त्याने त्या जकातीला विरोध केला, तर त्याला स्वदेशीचा विरोधक ठरवणे हा त्याच्यावर सरळ अन्याय होय.