नळीतली गुठळी आणि शिरेतली गुठळी

पिक लाइन (दंडाच्या शिरेतून हृदयाजवळपर्यंत नेलेली नळी) किंवा केमोपोर्ट (कातडीखाली बसवलेली डबी आणि तिची शिरेतली नळी) असलेल्या कॅन्सरच्या पेशंटला ‘गुठळी झालीय’ असं सांगितलं, की आधी विचारा: कुठे? नळीच्या आत, की नळी ज्या शिरेत आहे त्या शिरेत? यात गल्लत झाली तर चांगली लाइन उगाच काढली जाते, नाहीतर सुजलेल्या हाताकडे दुर्लक्ष होतं.

नळी तुंबते तेव्हा पेशंटला बहुधा काहीच जाणवत नाही. कळतं ते सिस्टरला. सलाईन ढकललं तर आत जातं, पण सिरिंज मागे ओढली की रक्त येत नाही. बऱ्याचदा नळीच्या टोकाशी फायब्रिनचा (रक्त गोठताना तयार होणाऱ्या प्रथिनाचा) शेपटीसारखा धागा धरलेला असतो. ढकलताना तो बाजूला होतो, ओढताना तोंडावर बसतो. ‘आत तर जातंय’ म्हणून अशा लाइनमधून केमो सोडणं धोक्याचं आहे. डॉक्सोरुबिसिनसारखं केमोचं औषध नळीच्या कडेने मागे येऊन शिरेबाहेर पाझरलं, तर तिथली कातडी आणि मांस सडतं.

आधी साध्या गोष्टी बघायच्या. क्लॅम्प बंद राहिलाय का, नळीला पीळ बसलाय का, पोर्टची सुई नीट बसलीय का? पेशंटला हात वर करायला, खोकायला सांगायचं. कितीदा तरी एवढ्यावरच रक्त येतं. जोर लावायचा नाही आणि सिरिंज 10 मिलिलिटरपेक्षा लहान घ्यायची नाही, कारण लहान सिरिंजचा दाब जास्त पडून नळी फुटू शकते. तरीही उघडली नाही तर अल्टेप्लेज, म्हणजे गुठळी विरघळवणारं औषध. मोठ्या माणसासाठी 2 मिलिग्रॅम औषध 2 मिलिलिटरमध्ये, फक्त नळीत भरून ठेवतात. अर्ध्या तासाने बघायचं, नाही उघडली तर दोन तासांनी, गरज पडल्यास दुसरा डोस. बहुतेक लाइन एवढ्यात मोकळ्या होतात. मात्र न जुळणारी दोन औषधं पाठोपाठ जाऊन नळीत साका बसला असेल, तर अल्टेप्लेजचा उपयोग नाही. म्हणून ‘लाइनमधून शेवटचं काय दिलं होतं?’ हे विचारायलाच हवं.

शिरेतल्या गुठळीत लाइन अगदी छान चालू असू शकते. त्रास होतो तो पेशंटला: दंड जड, दुखरा, बांगड्या घट्ट, छातीवर शिरा उठून दिसतात. कधीकधी काहीच लक्षण नसतं. खात्री डॉपलर सोनोग्राफीने (शिरेतला रक्तप्रवाह दाखवणाऱ्या तपासणीने) होते. नळीत औषध भरून ही गुठळी जात नाही. रक्त पातळ ठेवणारं औषध लागतं, म्हणजे एनॉक्सापॅरिनची इंजेक्शनं किंवा अपिक्साबानसारख्या गोळ्या, किमान 3 महिने. लाइन त्यानंतरही राहणार असेल तर साधारण ती असेपर्यंत. केमोमुळे प्लेटलेट 50,000 च्या खाली गेले तर डोस बदलावा लागतो, पण तो निर्णय डॉक्टरांचा. आपल्या मनाने बंद करू नका.

‘मग लाइन काढून टाका ना!’ असं नातेवाईक कळकळीने म्हणतात. पण ती चालू असेल, जागेवर असेल, इन्फेक्शन नसेल आणि केमो बाकी असेल, तर ठेवणंच योग्य. काढली तर नवी लाइन दुसऱ्या शिरेत घालावी लागते, आणि गुठळीचा धोका तिथेही असतोच.

दोन्ही एकाच वेळीही होऊ शकतं. मुंबईत परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलमध्ये उपचार घेऊन गावी परतलेले पेशंट आठवड्याचा फ्लश (सलाईन सोडून नळी धुणं) जवळच्या दवाखान्यात करून घेतात. तिथे लाइन तुंबलेली सापडली आणि हातही सुजलेला असेल, तर नळीच्या मागे न लागता आधी डॉपलर करून घ्या. धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर थेट इमर्जन्सीत जा.