जुन्या घराचा रंग खरवडायला स्वयंसेवक म्हणून जाताय? अमेरिकेतले शिशाचे नियम

अमेरिकेत सुटीच्या दिवशी एखाद्या गरजू कुटुंबाचं घर रंगवून द्यायला जात असाल, तर आधी विचारा: घर १९७८ च्या आधीचं आहे का? घरगुती वापराच्या शिसेयुक्त रंगावर त्या वर्षी बंदी आली. त्याआधीच्या घरात रंगाच्या जुन्या थरांत शिसं असू शकतं आणि घासताना ते धुळीतून रांगत्या मुलाच्या हाताला, हातावरून तोंडात जातं.

अशा घरांच्या दुरुस्ती-रंगकामाला ईपीएचा, म्हणजे संघराज्याच्या पर्यावरण संस्थेचा, आरआरपी (रेनोव्हेशन, रिपेअर अँड पेंटिंग) नियम २२ एप्रिल २०१० पासून लागू आहे. तो मोबदला घेऊन केलेल्या कामापुरता आहे. सगळेच विनामोबदला राबत असतील आणि संस्थेलाही त्या कामाचे पैसे मिळत नसतील, तर या नियमाखालच्या प्रमाणपत्राची सक्ती नाही. पण संस्थेचा पगारी माणूस ते काम करत असेल तर नियम लागू होतो. भाड्याने दिलेल्या घरात मालकाने स्वतः काम केलं तरी लागू होतो, कारण भाडं हाही मोबदलाच धरतात.

लोक हमखास गफलत करतात ती पुढे. शिसं कायमचं काढून टाकायच्या हेतूने केलेलं काम ‘अबेटमेंट’ ठरतं. त्याचा परवाना वेगळा, नियम वेगळे, आणि त्यात ‘आम्ही पैसे घेत नाही’ ही सबब चालत नाही. ते काम परवानाधारकांवरच सोडा. सरकारी गृहनिर्माण साहाय्य घेतलेल्या घरांना एचयूडीचे, म्हणजे संघराज्याच्या गृहनिर्माण खात्याचे, नियम लागतात. तिथे बऱ्याच कामांनंतर धुळीचे नमुने तपासून घ्यावे लागतात.

सक्ती नसली तरी गटातल्या एकाने तरी प्रमाणित रेनोव्हेटर, म्हणजे या नियमानुसार काम करायचं प्रशिक्षण घेतलेला माणूस, व्हावं, असं मी आग्रहाने सांगेन. मान्यताप्राप्त संस्थेचा आठ तासांचा वर्ग असतो, त्यात दोन तास प्रत्यक्ष काम. वर्ग पूर्ण केल्याचा दाखला हेच प्रमाणपत्र, ईपीएकडे वेगळा अर्ज नाही. मुदत ५ वर्षं. कामावर जाताना दाखल्याची प्रत जवळ ठेवा. मोबदला घेणाऱ्या संस्थेला मात्र फर्म म्हणूनही प्रमाणपत्र लागतं: ऑनलाइन अर्ज आणि ३०० डॉलर शुल्क. काही राज्यं हा कार्यक्रम स्वतः चालवतात, तिथे अर्ज आणि शुल्क राज्याकडे. म्हणून आधी आपल्या राज्याचं पाहा.

नियमाखालच्या कामात सुरुवातीपूर्वीच्या ६० दिवसांत घरातल्यांना ‘रिनोव्हेट राइट’ ही पुस्तिका देऊन पोच घ्यायची आणि कागदपत्रं ३ वर्षं जपायची. आतल्या खोलीत ६ चौरस फूट, बाहेर २० चौरस फुटांपर्यंतचं किरकोळ काम नियमातून सुटतं. खिडकी बदलणं कितीही लहान असलं तरी सुटत नाही.

प्रत्यक्ष कामात ज्योतीने रंग जाळायचा नाही. हेपा (अतिसूक्ष्म धूळ अडवणाऱ्या) फिल्टरची धूळशोषक जोडणी नसलेलं घासायचं यंत्र लावायचं नाही. हीट गन ११०० अंश फॅरनहाइटच्या वर न्यायची नाही. कामाच्या जागेच्या चहूबाजूंनी घरात जमिनीवर ६ फूट, बाहेर १० फूट प्लास्टिक अंथरायचं. पृष्ठभाग ओला करून घासला तर धूळ कमी उडते. शेवटी हेपा व्हॅक्यूम, मग ओलं पुसणं, आणि पुसलेलं कापड पुरेसं स्वच्छ आहे का ते तपासणी-कार्डाशी ताडून पाहणं. घरी लहान मूल असेल तर त्याला उचलण्याआधी कपडे बदला.