फिनेल ओतूनही कॅम्पिंग टॉयलेटला वास का येतो?

गाडीत घालून नेता येणाऱ्या कॅम्पिंग टॉयलेटचे दोन मजले असतात. वर सीट, भांडं आणि फ्लशचं पाणी. खाली साधारण २० लिटरची मैल्याची टाकी. मध्ये सरकती झडप आणि तिला रबरी सील. ही टाकी बेतलेली असते टिश्यू पेपर वापरणाऱ्यांसाठी. आपण धुण्याचं पाणीही तिच्यातच सोडतो, त्यामुळे ती बरीच आधी भरते.

तक्रार मात्र भरण्याची नसते, वासाची असते. फिनेल ओतून खळखळून धुतली तरी पुढच्या सहलीत भपकारा येतोच.

प्रौढ माणसाच्या लघवीतून दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम युरिया बाहेर पडतो, शेतात टाकतात तोच. ताज्या लघवीला फारसा वास नसतो. पण टाकीतल्या जिवाणूंकडे युरिएज नावाचं एन्झाइम असतं. ते युरिया फोडून अमोनिया बनवतं आणि द्रवाचा सामू ९ च्या आसपास चढतो. खरी गोम इथेच आहे. एरवी लघवीत विरघळून राहणारे कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि फॉस्फेट अशा अल्कधर्मी द्रवात टिकत नाहीत. त्यांचा पिवळट-करडा थर टाकीच्या भिंतीवर आणि झडपेच्या खाचेत बसतो. त्यातलं स्ट्रुव्हाइट हे खनिज काही मुतखड्यांतही सापडतं. हातमोजा घालून बोट फिरवलं तर थर पॉलिश पेपरसारखा खरखरीत लागतो. त्याच्या बारीक खळग्यांत जिवाणू ठाण मांडून बसतात आणि फिनेल वरून वाहून जातं.

अल्कधर्मी थराला उतारा आम्लाचा. लिटरभर कोमट पाण्यात चार-पाच चमचे लिंबूसत्त्व विरघळवून टाकीत ओता, टाकी चहूबाजूंनी फिरवा आणि रात्रभर राहू द्या. थरात कार्बोनेट असेल तर बारीक बुडबुडे दिसतात. सकाळी मऊ ब्रश पुरतो. तारेची घासणी नको; तिच्या ओरखड्यांत पुढचा थर आणखी घट्ट बसतो.

ब्लीचला तर जवळही फिरकू देऊ नका. अमोनियाशी गाठ पडली की क्लोरामाइन, आम्लाशी पडली की क्लोरीन. दोन्ही वायू फुप्फुसांना घातक, आणि तंबूत पळायला जागा किती असते?

सडक्या अंड्यांचा वास येत असेल तर तो हायड्रोजन सल्फाइड. टाकीतला ऑक्सिजन संपला की काही जिवाणू सल्फेटवर गुजराण करतात, त्यातून तो सुटतो. म्हणून वास रोखायला टाकीत ओतायच्या काही नव्या द्रावणांत नायट्रेट घालतात: नायट्रेटमधून जिवाणूंना जास्त ऊर्जा मिळते, त्यामुळे सल्फेटची पाळीच येत नाही. फॉर्मल्डिहाइडची जुनी द्रावणं सरसकट जिवाणू मारतात. तशी टाकी सेप्टिक टँकमध्ये ओतली तर तिथले कामाचे जिवाणूही मरतात.

सीलला व्हॅसलीन चोपडायची सवय सोडलेली बरी. खनिज तेलाने काही रबरं फुगतात आणि झडप अडकते. सिलिकॉन तेलाचे दोन थेंब पुरे. टॉयलेट माळ्यावर टाकताना आतून कोरडं करून झडप उघडी ठेवा, म्हणजे सील दबून चपटं होत नाही.

लडाखला निघालेल्यांसाठी आणखी एक. लेह ३,५०० मीटरवर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांशच असतो. कमी उंचीवर घट्ट बंद केलेल्या टाकीतली हवा झडप उघडताच उसळून बाहेर येते, आणि एकटी येत नाही. आधी वरचं झाकण लावा, झडप किंचित सरकवून दाब जाऊ द्या, मगच बसा.