पेसमेकरची वायर कुठे टेकवायची?

खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतून हृदयाच्या तपासणीसाठी बेळगावला किंवा कोल्हापूर-मिरजेला जाणाऱ्या रुग्णाच्या फाइलीत टू-डी इकोचा कागद असतोच, आणि घरची मंडळी त्यातला एकच आकडा लक्षात ठेवतात : ‘पंपिंग’ किती टक्के, म्हणजे दर ठोक्याला हृदयाचा डावा कप्पा आतले किती टक्के रक्त बाहेर ढकलतो. हे पंपिंग ३५ टक्के किंवा त्याहून कमी असेल, औषधांनी सुधारत नसेल आणि ईसीजीत डाव्या बाजूच्या विद्युतवाहिनीत ‘ब्लॉक’ दिसत असेल, तर बहुधा तीन वायरींचा पेसमेकर, म्हणजेच सीआरटी, सुचवला जातो. अशा हृदयात मधला पडदा आधी आकसतो आणि डावी बाहेरची भिंत मागाहून. औताच्या जोडीतला एक बैल मागे रेंगाळावा, तशी बरीच शक्ती वाया जाते. सीआरटी दोन्ही बाजूंना जवळजवळ एकाच वेळी विद्युतसंकेत देते.

तरीही साधारण एक तृतीयांश रुग्णांना या महागड्या उपचाराचा अपेक्षित लाभ होत नाही. डाव्या बाजूची वायर हृदयावरच्या शिरेतून न्यावी लागते आणि शीर नेईल तिथेच ती पोहोचते. तिचे टोक जुन्या हार्ट अटॅकने मेलेल्या स्नायूवर टेकले, तर तिथून संकेत नीट पसरतच नाही. अशा मेलेल्या स्नायूचा व्रण एमआरआयमध्ये दिसतो. गॅडोलिनियम या कॉन्ट्रास्ट द्रव्याचे इंजेक्शन दिल्यावर सुमारे दहा-पंधरा मिनिटांनी जिवंत स्नायूतून ते बरेचसे निघून गेलेले असते, व्रणात मात्र रेंगाळते, म्हणून काळ्या भिंतीत व्रण पांढरा उठून दिसतो.

२०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘टार्गेट’ या ब्रिटिश चाचणीत, व्रण टाळून सर्वांत उशिरा आकसणारी जागा इकोने आधी हेरून वायर बसवलेल्या रुग्णांपैकी ७० टक्क्यांचे हृदय प्रतिसाद देते झाले; नेहमीच्या पद्धतीत हे प्रमाण ५५ टक्के होते. पुढच्या सगळ्याच चाचण्यांत फरक इतका ठळक आला नाही, हेही सांगितले पाहिजे. आता रुग्णाच्याच स्कॅनवरून संगणकात त्याचे हृदय उभारून वायरच्या जागा आधी पडताळण्याचे संशोधन चालू आहे, तर २०१७पासून पुढे आलेल्या पद्धतीत वायर थेट डाव्या विद्युतवाहिनीजवळ रोवली जाते.

माझ्या मते आपल्याकडच्या रुग्णांनी एक गोष्ट वेळेवर विचारावी. आजचे बरेच पेसमेकर एमआरआयला चालतात, पण छातीतल्या यंत्राच्या धातूमुळे हृदयाचे चित्र बिघडू शकते. त्यामुळे एमआरआयची गरज आहे का, हा प्रश्न यंत्र बसवण्याआधीच डॉक्टरांपुढे ठेवावा आणि जुने ईसीजी, इको, अँजिओग्राफीचे कागद सोबत न्यावेत.